नावावर अर्धा, बाहेर अर्धा

आमच्या राजेंद्र नगरात एप्रिल सरत आला की दोन आवाज वाढतात. एक कूलरचा आणि दुसरा रद्दीवाल्याचा. पूर्वी तो बिचारा घसा फोडून ओरडायचा. आता त्यानं आपलाच आवाज भरून भोंगा हातगाडीला बांधलाय, आणि स्वतः मुकाट गाडी ढकलत चालतो. निकाल लागले की त्याची गाडी ओसंडून वाहते. परवा वरच्या मजल्यावरच्या रश्मीनं लेकीची अख्ख्या वर्षाची पुस्तकं त्याच्या तराजूत टाकली. कोरी करकरीत. काहींची तर पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

मी म्हटलं, "अगं, कुणाला तरी दे की. खालच्या वर्गातली एखादी असेल."

"मावशी, कोण घेतं आता? दर साली कोर्स बदलतो. आणि आजकालच्या पोरींना दुसऱ्याचं नाव लिहिलेलं पुस्तक चालतं का? इतके नखरे!"

चुकीचं काही बोलत नव्हती ती. मी आत आले, पंख्याखाली बसले आणि टेबलावरच्या खाकी कव्हरच्या पुस्तकाकडे बघत राहिले. आता महिना होत आला, ते तिथंच आहे. कपाटात ठेवावंसं वाटत नाही, नजरेसमोर असलेलंही सोसत नाही.

पुस्तक आठवीच्या भूगोलाचं आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला आम्ही ताई नाही म्हणायचो, जिजी म्हणायचो. इंदूरच्या मराठी घरांत असे शब्द शेजारपाजारून येऊन बसतात आणि घरचेच होऊन जातात. नाव कुसुम. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी लग्न होऊन इंदूरजवळच्या हातोदला गेली आणि या माघात हातोदलाच गेली. तेराव्याला तिच्या लेकीनं, मंजूनं, माझ्या हातात एक गाठोडं दिलं. म्हणाली, "आईनं सांगून ठेवलं होतं, हे शालूमावशीला." मला वाटलं, एखादं लुगडं असेल. घरी आणून तसंच ठेवलं. दुःखात गाठोडी उघडवत नाहीत. निकालाचे दिवस आले, गल्लीत पुस्तकांचा वास सुटला, तेव्हा कुठे गाठ सोडली. आत हे.

आता हे एवढं मनाला का लागलं, ते सांगायचं तर आमच्या वेळचा हा मोसम सांगायला हवा.

आमच्या लहानपणी निकाल आणि शाळा उघडणं यांच्या मधले दिवस म्हणजे अदला-बदलीचे दिवस. आम्ही तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. दादा, म्हणजे आमचे वडील, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात हजेरी घेणारे बाबू होते. नवं पुस्तक ही चीज आमच्या गल्लीत क्वचितच यायची. पुस्तकं फिरायची. आज माझ्याकडे, पुढच्या साली तुझ्याकडे, त्याच्या पुढच्या साली कुणास ठाऊक कुणाकडे. उन्हं तापली, की घरोघरी पोरी पुस्तकं घेऊन बसायच्या. पेन्सिलीची उत्तरं रबरानं खोडायची, दुमडलेले कोपरे नखानं सरळ करायचे, फाटकी पानं चिकटवायची. खळ जिजी करायची. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. त्या निळसर खळीचा वास अजून माझ्या नाकात आहे. कैरीचं पन्हं, ओल्या वाळ्याचा पडदा आणि मोरचूद घातलेली खळ, हा माझा उन्हाळा.

मग सेट सुतळीनं बांधायचा आणि बाबूलालजींच्या ओट्यावर न्यायचा. हे बाबूलालजी आखातीजेपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, शाळा उघडेपर्यंत ओट्यावर ताडपत्री ताणून बसायचे. आठवीचा सेट द्या, नववीचा घ्या. वरचं काय ते थोडंफार. पण त्यांचे दोन कायदे होते आणि ते इंग्रज सरकारच्या कायद्यापेक्षा कडक होते.

पहिला कायदा, सेट पुरा हवा. "पूरा दो, पूरा लो. मेरे कने लंगड़ा सेट नी चलेगा."

दुसरा, पुस्तकावर देणाऱ्याचं नाव हवं. ते पहिलं पान उघडून विचारायचे, "नाम बोल." आपण नाव सांगायचं, ते चष्मा कपाळावर चढवून पानावरचं नाव वाचायचे. जुळलं की गोल शिक्का जांभळ्या शाईत बुडवून असा ठोकायचे, की अर्धा नावावर यावा आणि अर्धा बाहेर कोऱ्या कागदावर. मी एकदा विचारलं होतं, "बीच में क्यों नहीं लगाते?" तर म्हणाले, "बेटा, चोर पहले नाम फाड़ता है. नाम फटेगा तो मोहर भी आधी फटेगी. आधी मोहर देखके मैं समझ जाऊँगा, माल चोरी का है."

किती साधी युक्ती. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आमच्या घरात बाजारातून नवं आणलेलं पुस्तक एकच होतं. जिजी आठवीत गेली त्या साली भूगोलाचं जुनं कुठंच मिळेना. दादांनी खजुरी बाजारातून नवं आणलं. त्यावर दुकानाचा शिक्का होता, छोटासा, त्यात समईचं चित्र. जिजी ते पुस्तक उघडून आधी हुंगायची, मग वाचायची. नकाशे तर तिला असे यायचे! खडू घेऊन ओट्यावर हिंदुस्थान काढायची, हात न उचलता, कच्छपासून सुरुवात करून सगळा किनारा आणि सगळी सरहद्द फिरून परत कच्छला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कुसुम, ही कसली गं रांगोळी?"

आणि त्याच विषयात ती राहिली. नापास म्हणवत नाही मला. बाकी सगळे पेपर चांगले गेले होते. भूगोलाच्या पेपरच्या सकाळी आईचा ताप डोक्यात गेला, ती बेशुद्ध पडली. दादा कारखान्यात, मी दहा-अकरा वर्षांची. जिजी पेन्सिलीला टोक करून, पट्टी पिशवीत घालून दारात उभी होती. तिनं पिशवी खुंटीला लावली आणि डॉक्टरांना आणायला धावली. आई वाचली, पेपर गेला. त्या एका विषयाचा पेपर बाहेरून द्यायची सोय होती. पण दरवर्षी दादा म्हणायचे, "पुढच्या साली भरू फॉर्म." घरात दुखणाईत आई, स्वैपाक जिजीच्या गळ्यात. शाळा कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. तरी भूगोल तिनं जपून ठेवला होता. आठवी पास झाली, तर प्राथमिकच्या बाईंच्या ट्रेनिंगला जाता येतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी आठवीत आले तेव्हा तिचीच सगळी पुस्तकं वापरली. तिच्या नावावर माझ्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कागदाची पट्टी कापायची, त्यावर आपलं नाव, वर्ग, शाळा लिहायची आणि खळ लावून जुन्या नावावर बसवायची. गल्लीतली रीतच ती. भूगोलाला मात्र तिनं हात लावू दिला नाही. म्हणाली, "वाच, पण चिठ्ठी नको लावू. हे माझं आहे. मला अजून परीक्षा द्यायचीय."

मग तो उन्हाळा आला. मी आठवी पास झाले आणि जिजीचं लग्न ठरलं. हातोदच्या घरचे भले होते. मुलाच्या वडिलांनी बैठकीत सांगितलं, "देऊ दे की तिला परीक्षा, आमची काही ना नाही." जिजी पडद्याआडून ऐकत होती. तिनं माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी वाढली माझी.

घरात लग्नाची गडबड, आणि मला काय पडलेली? नववीच्या सेटची. मी पुस्तकं घेऊन गेले. बाबूलालजींनी सुतळी सोडली, मोजली. "भूगोल कहाँ है?"

"वो घर पे है. वो नहीं देना."

"तो फिर नववी का भी घर पे ही पढ़ लेना. ले जा. और सुन, नववी के दो ही सेट बचे हैं."

दोनच. आणि माझ्या मागं पोरींची रांग. मी घरी आले तेव्हा जिजीला हळद लावत होते. ती पाटावर बसलेली, हातपाय पिवळेजर्द, शेजारणी ढोलकी बडवतायत. मी आतल्या खोलीत गेले, ट्रंक उघडली, साड्यांच्या तळाशी हात घातला. पुस्तक काढलं. चिठ्ठी कापली, नाव लिहिलं. कोनाड्यात जिजीनंच केलेल्या खळीची वाटी होती. जिजीच्या नावावर माझं नाव बसवलं, तळव्यानं दाबलं, पदरानं वारा घातला. ओढणी होती खरं तर, पदर कुठला. पिशवी घेऊन बाहेर पडले तशी जिजीनं हाक मारली.

"शालू, कुठं चाललीस एवढ्या उन्हात?"

"पुस्तकं द्यायला."

"भूगोल नाही ना घेतलास?"

मी म्हटलं, "नाही."

तिचे हात हळदीनं भरलेले होते. नाहीतर उठून पिशवी बघितली असती, असं नाही. तिनं नसतीच बघितली. तिचा विश्वास होता.

बाबूलालजींनी पान उघडलं. "नाम बोल."

"शालिनी."

शिक्का पडला. अर्धा माझ्या नावावर, अर्धा बाहेर.

मांडवपरतणीला जिजी आली, तेव्हा तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर ट्रंक उघडली. एकेक साडी बाहेर काढून झटकली. आई म्हणाली, "लग्नाच्या धांदलीत गेलं असेल कुठंतरी. नाहीतर उंदरांनी नेलं." जिजी माझ्याकडं वळली. "शालू, तू पाहिलंस का गं?" मी पन्ह्यासाठी वेलची सोलत होते. "नाही," म्हटलं. वेलचीचं साल बोटात असं घुसलं होतं.

पुढं श्रावणात ती राखीला आली. आम्हाला भाऊ नाही, आम्ही दोघी एकमेकींनाच बांधायचो. राखी बांधून झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसलो. पाऊस उघडला होता, जिजीच्या हातात अजून लग्नाचा हिरवा चुडा. मांडीवर कापडी पिशवी. आई म्हणाली, "अगं, ठेव की ती आत." तर म्हणाली, "असू दे." बरंच इकडचं तिकडचं बोलली. हातोदची माती कशी काळी, सासूबाई कशा मोजून साखर काढतात, नवरा कसा झोपेत बैलांना हाका मारतो. मी हसून हसून लोळत होते. मग एकदम म्हणाली,

"ते भूगोलाचं सापडलं का गं?"

"नाही ना जिजी."

"बरं. सापडेल."

आणि काय सांगू तुम्हाला, त्यानंतर दरवर्षी! निकालाचे दिवस आले, की जिजी विचारायचीच. आधी भेटीत, मग पत्रात, मग शेजाऱ्यांकडच्या फोनवर, मग मोबाइलवर. "तुमच्याकडं निकाल लागले का? आणि ते भूगोलाचं सापडलं का गं?" हसत हसत. मीही हसून म्हणायचे, "नाही." माझी लेकरं मोठी झाली, त्यांचे निकाल लागले, नातवंडांचे लागले. ती विचारायची, मी नाही म्हणायचे. घरात हा एक विनोदच होऊन गेला. मीसुद्धा तो विनोदच आहे, असं धरून चालले. माणूस स्वतःला किती सहज फसवतो.

गेल्या साली तिनं फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "जिजी, आता कुठलं सापडतंय? सत्तरी उलटली आपली." ती म्हणाली, "तसं नाही, तुला कधी आठवलं तर सांग." तो शेवटचा निकालाचा मोसम आम्हा दोघींचा.

बरं, ज्या सेटसाठी एवढं केलं, तो मी किती वापरला? सहा महिने. दिवाळीनंतर आई गेली आणि नववीच्या मध्यात माझीही शाळा संपली. पुढं जे काही वाचलं-लिहिलं, ते वाचनालयातून, वर्तमानपत्रातून, नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

तर आता हे पुस्तक. खाकी कव्हर उघडलं. पहिल्या पानावर जिजीचं नाव, तिच्या गोल गोल अक्षरात. नावाच्या भोवती एक चौकोन, कागदाच्या बाकी रंगापेक्षा फिकट, मोरचुदाची निळसर झाक अजून असलेला. आणि चौकोनाच्या कडेला जांभळा शिक्का. अर्धाच. सुरीनं कापावा तसा सरळ रेषेत संपलेला. वर कोपऱ्यात खजुरी बाजारातली ती छोटी समई.

पानं उलटली. हिंदुस्थानच्या नकाशाच्या पानात चिठ्ठी होती. फाडलेली नाही. ओल्या फडक्यानं, धीरानं, कडेकडेनं सोडवून काढलेली. त्यावर माझं अक्षर. कुमारी शालिनी, आठवी. आणि शिक्क्याचा उरलेला अर्धा.

मी पुस्तक मिटलं आणि परत उघडलं.

शेवटच्या पानावर तिसरा शिक्का होता, हातोदच्या एका दुकानाचा, किराणा आणि कॉपी-किताब, म्हणजे वह्या-पुस्तकं. खाली दौतीच्या शाईनं तारीख घातलेली. दिवस दिसत होता, महिना ऑगस्टचा. वर्ष तेवढं कसरीनं खाल्लेलं. मी भिंग लावून बघितलं, खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या वर्षात? सगळं त्या वर्षातच होतं हो. जिजीला हे पुस्तक म्हातारपणी, एखाद्या रद्दीच्या ढिगात मिळालं असेल, तर तिनं आयुष्यभर विचारलेला प्रश्न खरा होता. तिला माहीत नव्हतं म्हणून ती विचारत होती. पण आधीच मिळालं असेल, तर? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, जिजीला कधी कळलं.

मंजूला फोन केला. ती इथं इंदूरलाच असते, बँकेत आहे. म्हटलं, "मला हातोदला ने." ती म्हणाली, "आत्ता? या उन्हात? मावशी, काय काढलंस हे?" पण रविवारी सकाळी गाडी घेऊन दारात उभी. कोपऱ्यावर पोहे खाल्ले आणि निघालो. मंडीपाशी कांद्याच्या ट्रॉल्या लागलेल्या, धूळ नुसती. ते दुकान अजून आहे. अर्ध्यात मोबाइलची कव्हरं लटकतायत, अर्ध्यात कॉप्या आणि कंपासपेट्या. गल्ल्याशेजारी गादीवर एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. मंजू तिला लहानपणापासून सेठानी काकी म्हणते.

"आओ मंजू बेटा! और ये?"

"माँ की बहन हैं. इंदौर वाली मौसी."

मी पुस्तक पुढं केलं, शेवटचं पान उघडून. "काकीजी, ये मोहर आपकी दुकान की है?"

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. "म्हारा ससुरजी की. वो इंदौर से बची हुई पुरानी किताबों का पोटला लाते थे. और मोहर बिकने पे ही लगाते थे, तारीख डाल के. कि आठ दिन बाद कोई वापस करने आए, तो झगड़ा नी." मग तिनं पुस्तक पुढून उघडलं, नाव बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "कुसुम भाभी की? अई, ये तो मुझे याद है!"

मंजू म्हणाली, "इतने बरस बाद, काकी?"

"क्यों नी रहेगा याद? म्हारो भी पहलो सावन थो ससुराल में, उनको भी. दो नई बहुएँ. मैं घूँघट में बैठी सौंफ बीन रही थी, वो अपनी सास के साथ सूत लेने आईं. हाथ में हरी चूड़ियाँ, कोहनी तक. हमारे में तो लाल पहनते हैं, तो मैं चूड़ियाँ ही देखती रह गई. वो किताबें उलटने लगीं. एक खोली, और वहीं बोरी पे बैठ गईं. मैंने समझा चक्कर आया. पानी दिया. पूछा, कई हुयो? तो बोलीं, म्हारी छोटी बहन की किताब है. देखो, नाम लिखा है उसका."

मी गादीच्या कडेला बसले.

"सास बोली, बहन की किताब यहाँ कैसे आई? तो बोलीं, गलती से चली गई होगी, बच्ची है. राखी पे जाऊँगी तो दे दूँगी उसको." म्हातारीनं जपमाळ गुंडाळून मांडीवर ठेवली. "फिर तो रोज का आना-जाना रहा, पर किताब की बात कभी नी निकली. आप वही छोटी बहन हो?"

"हाँ. वही."

"तो दी थी न उन्होंने? राखी पे?"

ती कापडी पिशवी. मांडीवरून शेवटपर्यंत खाली न ठेवलेली.

"दी," मी म्हटलं. "दे दी उन्होंने."

परतताना मंजूनं मंडीच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली. मग म्हणाली, "मावशी, आई तुला दरवर्षी हेच विचारायची ना? सापडलं का म्हणून?"

हातोदपासून राजेंद्र नगरापर्यंत रस्ता काही फार नाही. पण मी सगळं सांगितलं. हळद, चिठ्ठी, बाबूलालजी, तीन वेळा म्हटलेलं नाही, आणि नंतर मोजायचं सोडून दिलेली सगळी नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं ते, "मीच नेलं होतं." ज्या बाईला ऐकवायचं, ती माघातच गेलेली. लेकीला सांगून काय उपयोग, पण सांगितलं.

मंजूनं गाडी सावलीला थांबवली. म्हणाली, "आई म्हणायची, शालूला खोटं बोलता येत नाही. विचारलं की आवाज बदलतो तिचा." मग जरा हसली आणि डोळे पुसले. "मला वाटायचं, कशाबद्दल बोलते ही?"

मी विचारलं, "आणि परीक्षा गं? पुस्तक तर तिला लगेच मिळालं होतं. मग दिली का नाही तिनं?"

"फॉर्मवर आजोबांची सही लागत होती. ते म्हणाले, सुगी होऊ दे. मग माझी चाहूल लागली. मग राहिलंच."

बैठकीत 'आमची ना नाही' म्हणणारे तेच ते आजोबा. म्हणजे परीक्षा माझ्यामुळे राहिली नव्हती. इतकी वर्षं आतल्या आत जो दगड बाळगला, तो खरं तर माझा एकटीचा नव्हताच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. परीक्षेचं मी आता काही करू शकत नव्हते, तेव्हाही नव्हते. पण 'सापडलं' एवढा एक शब्द म्हणणं माझ्या हातात होतं, आणि तिनं तो मला दरवर्षी, माझ्या हातात आणून दिला होता. ती पुस्तक मागत नव्हतीच. पुस्तक तिच्या ट्रंकेत होतं. ती मला मागत होती.

मंजू सांगत होती, हातोदच्या कितीतरी पोरी नकाशे काढायला आईकडं यायच्या. दिवाळीत तिच्या रांगोळीच्या कडेला नेहमी एक वेडीवाकडी रेघ असायची, बायका हसायच्या. मी विचारलं, "कुठून सुरू करायची ती रेघ?" मंजूला आठवेना. मला ठाऊक आहे. कच्छपासून.

आज दुपारी टेबलाशी बसून मी चिठ्ठी परत पानावर ठेवून बघितली. चौकोनावर चौकोन. शिक्क्याचे दोन अर्धे अगदी जुळतात, बाबूलालजींचं नाव पुरतं वाचता येतं. पण मग जिजीचं नाव झाकतं. चिठ्ठी उचलली की जिजी दिसते आणि शिक्का तुटतो. चार-पाच वेळा उचलली, ठेवली. शेवटी चिठ्ठी उचलली आणि होती तिथं, नकाशाच्या पानात घालून टाकली. खाली रद्दीवाल्याचा भोंगा वाजत होता, उन्हानं खिडकीचे गज तापले होते.

पुस्तकात जिजीनं प्रत्येक धड्याच्या शेवटी पेन्सिलनं छोटी फुली केली आहे, वाचून झाल्याची. हातोदला पहिल्या हिवाळ्यात करत असणार, स्वैपाक उरकून. फुल्या अकराव्या धड्यापर्यंत आहेत. बारावा मोसमी वाऱ्यांचा. तो कोरा आहे, पुढचे सगळे कोरे.

मी चष्मा लावला आणि बारावा धडा मोठ्यानं वाचला, अगदी प्रश्नांसकट. मग पेन्सिलला टोक केलं आणि खाली फुली केली. जिजीसारखी सुबक काही आली नाही.